कलम धरलं नाही तर? – दुसऱ्यांदा मूलपेशी प्रत्यारोपण करावं लागणाऱ्या मुलांविषयी



आजचा पाठ नेहमीसारखा भाषा-गणिताचा नाही. माझ्या हातून वर्गात एक चूक झाली, ती निस्तरताना मला जे शिकावं लागलं ते लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. तेव्हा उपचारांचा निर्णय डॉक्टरांनाच विचारून घ्यायचा, हे आधीच सांगून ठेवते. पण असं मूल किंवा त्याचं भावंडं आपल्या वर्गात असेल तर आपल्याला काय माहीत असायला हवं, हे मात्र आपल्यालाच एकमेकांना सांगावं लागेल.

गेल्या वर्षी तिसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही, तिचा भाऊ तिला हाक मारतो तसं आपण तिला 'ताई' म्हणू. भावाला थॅलेसेमिया मेजर. सहा महिन्यांचा असल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागायचं. तपासणीत ताईच्या पेशी त्याच्याशी जुळल्या आणि मुंबईला प्रत्यारोपण झालं. ताई पंधरा दिवसांनी शाळेत परत आली. मी परिपाठात तिला पुढे बोलावलं, सगळ्या शाळेसमोर म्हटलं, "आपल्या ताईनं भावाला बरं केलं!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. ताई लाजली. मलाही फार छान वाटलं.

तीन महिन्यांनी तिच्या आईचा फोन आला, "बाई, पेशी टिकल्या नाहीत. परत रक्त चढवायला लागलं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ताई माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "बाई, माझं रक्त चांगलं नव्हतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. "नाही गं बाळा, तसं काही नसतं," असं काहीतरी बोलले. पण तसं नसतं तर मग कसं असतं? तेच मला माहीत नव्हतं. आणि 'बरं केलं' हे श्रेय मीच तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, तर 'बरं झालं नाही' हे ओझंही तिच्याच डोक्यावर जाणार. आठ वर्षांच्या मुलीचं गणित अगदी सरळ असतं.

आधी मूळ गोष्ट

आपण मुलांना तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका (आपण सगळे प्लेटलेटच म्हणतो) शिकवतो. पण त्या तयार कुठे होतात हा प्रश्न प्राथमिकच्या वर्गात फारसा येत नाही. हाडांच्या आत मऊ मगज असतो, तो म्हणजे अस्थिमज्जा. त्यातल्या मूलपेशींपासून हे तिन्ही प्रकार रात्रंदिवस बनत असतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी दिवसभर जेमतेम. म्हणजे कारखाना बंद पडला तर सगळ्यात आधी संरक्षण जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थॅलेसेमियात कारखाना चालू असतो पण तांबड्या पेशींचा माल सदोष निघतो. म्हणून कारखानाच बदलायचा, हा प्रत्यारोपणाचा विचार. दात्याला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. घेणाऱ्याला ती रक्तासारखी शिरेतून देतात. या पेशी आपल्या आपण रक्तातून वाट काढत हाडांत जाऊन बसतात, हे मला वाचलं तेव्हा खरंच वाटेना. या दिवसाला दवाखान्यात 'शून्यावा दिवस' म्हणतात आणि तिथून पुढे दिवस मोजतात. ताईच्या घरी कॅलेंडरवर तारखेशेजारी हे आकडे लिहिलेले मी पाहिलेत.

पण शून्याव्या दिवसाच्या आधी आठ-दहा दिवस मुलाला जड औषधं देतात. जुनी मज्जा काढून टाकायची आणि शरीराची लढणारी फौजही खाली बसवायची, म्हणजे परक्या पेशींना ती हाकलणार नाही.

मी कोकणातली, त्यामुळे मला आंब्याचं कलम आठवलं. खुंट चांगला, काडी चांगली, बांधणारा हात सरावलेला, आणि तरीही दहा कलमांतली एक-दोन सुकतात. तेव्हा आपण काडीला दोष देतो का? हवा, ओल, खुंटाची अवस्था असं सगळंच बघतो. ताईला मी पुढे हेच उदाहरण दिलं. मात्र एक फरक आहे. आंब्याचा खुंट काडीशी भांडत नाही. माणसाचं शरीर भांडतं. आणि कधी कधी उलट काडीच खुंटाशी भांडते.

पेशी का टिकत नाहीत?

डॉक्टर रोज रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोजतात. सलग तीन दिवस हा आकडा ५०० च्या वर राहिला की पेशी रुजल्या असं धरतात. बहुतेक मुलांत हे दोन ते चार आठवड्यांत होतं. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतही झालं नाही तर ते पहिल्यापासूनचं अपयश. (नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या असतील तर त्या सावकाश रुजतात, म्हणून बेचाळीस दिवस वाट पाहतात.) दुसरा प्रकार म्हणजे आधी रुजल्या, काउंट वर आले, घरी पेढे वाटले गेले, आणि मग हळूहळू गेल्या. ताईच्या भावाचं हे असं झालं.

कारणं बरीच असू शकतात. मिळालेल्या पेशींची संख्या कमी पडणं, जुळणी अपुरी असणं, मध्येच एखाद्या विषाणूनं गाठणं, काही औषधांचा परिणाम. पण थॅलेसेमियाच्या मुलांत एक कारण फार महत्त्वाचं आहे आणि ते समजायला इतिहासातली एक जोडगोष्ट उपयोगी पडते.

डिसेंबर १९८१. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये डॉ. डोनल थॉमस यांच्या चमूनं थॅलेसेमियाच्या एका अगदी लहान, सव्वा वर्षाच्या आसपासच्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. त्याला रक्त चढवायला तोवर सुरुवातही झालेली नव्हती. मूल बरं झालं. (याच डॉ. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.) त्यानंतर दोनच आठवड्यांनी इटलीतल्या पेझारो या गावी डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांनी चौदा वर्षांच्या एका मुलावर प्रत्यारोपण केलं. त्या मुलाला तोवर जवळपास दीडशे वेळा रक्त चढवून झालं होतं. त्याच्या शरीरानं नव्या पेशी नाकारल्या आणि थॅलेसेमिया परत आला.

आजार तोच, महिनाही तोच, आणि निकाल अगदी उलटे. दर वेळी चढवलेल्या रक्तातून दुसऱ्यांच्या पेशींची ओळख शरीराला होत जाते. शंभर-दीडशे अनोळखी माणसं दारात येऊन गेली की घर जसं सावध होतं, तसं काहीसं. त्यात रक्तातलं लोह साठून यकृतावर परिणाम झालेला असतो. डॉ. लुकारेल्ली यांनी पुढे याचाच अभ्यास करून मुलांचे तीन गट पाडले. यकृत वाढलंय का, यकृतात व्रण तयार झालेत का, आणि लोह काढणारी औषधं नियमित घेतलीत का, हे तीन प्रश्न. तिन्ही बाजू चांगल्या असलेली मुलं पहिल्या गटात, तिन्ही बिघडलेली तिसऱ्या गटात.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांनो, इथे जरा थांबून वाचा. तिसरा प्रश्न तुमच्या हातातला आहे. लोह काढणारं औषध रोज देणं कंटाळवाणं असतं हे मला मान्य, तरी ते प्रत्यारोपणाच्या कितीतरी वर्षं आधीपासूनची तयारी आहे. चढवायचं रक्त पांढऱ्या पेशी गाळून मिळतं का, हे रक्तपेढीत विचारा. आणि प्रत्यारोपणाचा विचार असेल तर आई-वडील, काका, मामा यांचं रक्त त्या मुलाला चढवू देऊ नका. प्रेमापोटी नातेवाईक धावून येतात, पण उद्या त्यांच्यातलाच कुणी दाता ठरायचा असेल तर शरीर त्याच्याविरुद्ध आधीच तयार होऊन बसतं.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तिच्या पेशी चांगल्या होत्या. भावाच्या शरीराची फौज पूर्ण खाली बसली नव्हती.

मग पुढे काय?

पेशी गेल्यावर दोन वेगळ्या वाटा असतात. काही मुलांत नव्या पेशीही नाहीत आणि जुन्याही परत येत नाहीत. कारखाना पूर्ण बंद. वर म्हटलं तसं संरक्षण आधी जातं, त्यामुळे साधा जंतूही जिवावर बेततो. इथे दुसरं प्रत्यारोपण लगेच, दिवस मोजून करावं लागतं. हा धोका ठाऊक असल्यामुळे काही केंद्रांत जोखमीच्या मुलांची स्वतःची मज्जा आधीच काढून गोठवून ठेवतात. थॅलेसेमियाची का होईना, पण वेळ पडली तर परत देता येते.

दुसरी वाट म्हणजे मुलाची स्वतःची मज्जा उगवून येते. थॅलेसेमिया परत, रक्त चढवणं परत. घरच्यांना हे हरल्यासारखं वाटतं, पण डॉक्टरांच्या दृष्टीनं यात एक मोठी सोय असते. थांबता येतं. पहिल्या वेळच्या औषधांनी यकृत, फुप्फुसं, आतडी दमलेली असतात. तीच औषधं लगेच पुन्हा दिली तर पेशींपेक्षा औषधंच मुलाला भारी पडतील. म्हणून काही महिने, कधी वर्षभर थांबतात. ताईच्या घरी शेजारपाजारचे विचारायचे, "दुसरं करायचं तर करत का नाहीत? पैसे नाहीत का?" पैशांचा प्रश्न होताच, पण थांबण्याचं कारण ते नव्हतं.

आणखी एक गोष्ट. काउंट कमी आले म्हणजे पेशी गेल्याच असं नसतं. रक्तातल्या पेशी किती दात्याच्या आणि किती मुलाच्या, हे सांगणारी एक तपासणी असते, तिला कायमेरिझम म्हणतात. सगळ्या पेशी दात्याच्याच आहेत पण कमी बनताहेत, असं निघालं तर जड औषधं न देता त्याच दात्याच्या थोड्या मूलपेशी पुन्हा देऊन भागू शकतं. शेतात नांगे भरतो तसं. आणि थॅलेसेमियात तर दात्याच्या पेशी पाव-एक तृतीयांश टिकून राहिल्या तरी काही मुलांना रक्त चढवावं लागत नाही. म्हणून 'आज सत्तर टक्के आले' हे ऐकून आपण 'अरेरे' म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलंय.

दाता तोच घ्यायचा की बदलायचा, हे पहिलं अपयश कशामुळे आलं त्यावर ठरतं. ताईच्या भावाच्या वेळी डॉक्टरांनी वडिलांना घ्यायचं ठरवलं. त्यावर ताई पुन्हा माझ्याकडे. "आधी म्हणाले, बाबांचं अर्धंच जुळतं. आता अर्धं कसं चालतं?"

यासाठी मी वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. तुम्हीही घेऊन बघा. आईच्या हातात लाल आणि पिवळी चिठ्ठी, बाबांच्या हातात निळी आणि हिरवी. प्रत्येक मूल आईकडून एक आणि बाबांकडून एक उचलतं. किती जोड्या होतात? मुलं बोटांवर मोजून सांगतात, चार. म्हणजे दोन भावंडांची जोडी हुबेहूब सारखी निघण्याची शक्यता चारात एक. आणि आई किंवा बाबांशी? तिथे एक चिठ्ठी नेहमीच जुळणार. ना कमी, ना जास्त. म्हणजे पालक कायमच निम्मे. ही जुळणी रक्तगटाची नव्हे हेही सांगायला विसरू नका, मोठी माणसंसुद्धा इथे गोंधळतात. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकतं.

निम्म्या जुळणीत भांडण जास्त. पण अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीनं हे बरंच आटोक्यात आलं. पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध देतात. परक्याला बघून भांडायला उठलेल्या पेशी त्या वेळी भराभर वाढत असतात, त्या या औषधानं मरतात. शांत बसलेल्या मूलपेशी वाचतात. खोडकर मुलांना तेवढं बाहेर काढावं आणि बाकी वर्ग शांत राहावा, तसं. वडील स्वतः थॅलेसेमिया मायनर आहेत, त्यानं अडत नाही, कारण मायनर माणसाला रक्त चढवावं लागत नाही.

दुसऱ्या वेळी धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो हे लपवण्यात अर्थ नाही. जंतुसंसर्ग, औषधांचे परिणाम, पुन्हा नाकारलं जाणं, सगळंच. तरी दुसरी संधी ही नुसती आशेची गोष्ट नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांच्या चमूनं पाच महिन्यांच्या एका बाळाला बहिणीची मज्जा दिली. बाळाला जन्मतःच प्रतिकारशक्ती नव्हती, त्याच्या घराण्यातली कितीतरी मुलगे बाळं आधी दगावली होती. नवी फौज रुजली, पण तिनं बाळाची रक्त बनवणारी जुनी मज्जाच मोडीत काढली. म्हणजे मघाशी म्हटलं तसं काडीच खुंटाशी भांडली. तेव्हा डॉक्टरांनी त्याच बहिणीची मज्जा दुसऱ्यांदा दिली. बाळ वाचलं, मोठं झालं, आणि त्याचा रक्तगट ए होता तो बहिणीसारखा ओ झाला. भावंडाच्या मज्जेनं मूल वाचवल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणातच दुसरा प्रयत्न लागला होता!

आपल्याकडचा पहिला प्रयत्न मुंबईतला. टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. तिथे दाता भाऊ होता, हे ताईला फार आवडलं.

पैशांबद्दल थोडक्यात. थॅलेसेमियासाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणारी 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' २०१७ पासून आहे, पात्र मुलांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते. दुसऱ्या वेळचा खर्च कशातून बसेल हे दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाला विचारावं, ती माणसं वाटा दाखवतात.

शाळेत आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे दात्या भावंडाला 'वाचवणारा' करू नका. मी टाळ्या वाजवल्या ती चूक होती. "तू मदत केलीस, पुढचं शरीर आणि औषधं ठरवतात," एवढंच म्हणायचं, आणि ते यश आलेलं असतानाच म्हणायचं. अपयशानंतर म्हटलं तर ती नुसती समजूत वाटते. आई-वडील महिनोन्‌महिने दवाखान्यात, आणि दाता मूल आजीकडे, असं बहुतेक घरी असतं. ताईचा गृहपाठ अपुरा यायला लागला तेव्हा मी आधी रागावले, मग कळलं की संध्याकाळी फोनवर काउंट ऐकल्याशिवाय ती वही उघडतच नाही. मग काउंटचा आकडा आम्ही गणितातच घेतला, कालपेक्षा किती वाढला, किती कमी झाला. हे बरोबर केलं की चूक, मला अजून नक्की सांगता येत नाही, पण वही उघडायला लागली.

दुसरं, मूल शाळेत परत येईल तेव्हा. प्रत्यारोपणानंतर लहानपणी घेतलेल्या लशींचं संरक्षण जवळजवळ पुसलं जातं. लशी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, आणि गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लशी साधारण दोन वर्षं तरी देता येत नाहीत. दुसऱ्या प्रत्यारोपणानं हा हिशोब परत शून्यावर येतो. म्हणून वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर, गालगुंड दिसला तर त्याच दिवशी, त्याच तासाला त्या पालकांना फोन करायचा. उद्या हजेरीला बघू, असं नाही. वर्गातल्या बाकी मुलांच्या लशी पूर्ण आहेत का हे पालकसभेत विचारायचं. मास्कवरून कुणी चिडवलं तर तो विषय तिथल्या तिथे मिटवायचा. उशीर झाला की चिडवणं टोपणनाव बनतं.

आणि गैरहजेरी. पहिल्या वेळी शाळा सुटते, दुसऱ्या वेळी मूल शाळा विसरतं. ताईच्या भावाला पहिलीची अक्षरं मी फोनवर पाठवायचे, तो काचेआडच्या खोलीतून आईच्या मोबाइलवर 'क' काढून पाठवायचा. बरेचदा उलटा.

वडिलांच्या पेशी दिल्या त्याला आज अठ्ठ्याऐंशी दिवस झाले. काउंट आहेत. ताई आता चौथीत आहे आणि दिवस मोजायचं काम तिनंच घेतलंय. परवा मी मुलांच्या ओळखपत्रांची माहिती भरत होते. भावाच्या नावापुढे 'बी पॉझिटिव्ह' लिहून टाकलं, तेवढ्यात ताईनं हात धरला. "बाई, ते खोडा. बाबांचा ओ आहे. डॉक्टर म्हणाले, जुनं रक्त संपेपर्यंत थांबा, मग तपासून सांगू."

मी खोडरबर घेतलं. तो रकाना सध्या कोरा आहे.